अप्पांची विंचेस्टर आणि सत्तरीचा डोळा: जुन्या लिव्हर रायफलला साइट निवडताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पाच मिनिटांवर माझं चष्म्याचं दुकान आहे. रायफल हा माझा धंदा नाही. कॉलेजात एन.सी.सी.त .२२ चालवली, पुढे क्लबात जाऊ लागलो आणि ती ओढ सुटली नाही, इतकंच. पण अप्पांच्या रायफलचं प्रकरण माझ्याकडे आलं ते चष्म्याच्याच वाटेनं, म्हणून ते सगळं नीट लिहून ठेवतो आहे. अशा जुन्या रायफली ग्वाल्हेरच्या कितीतरी घरांत आहेत, आणि त्यांचे मालक आता साठी-सत्तरीत आहेत. रायफलीवर नवीन काही बसवायचं म्हटलं की सगळे आधी रायफलीकडे बघतात. डोळ्याकडे बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

अप्पा माझ्या बायकोचे मोठे काका, वय ७०. त्यांच्या वडिलांनी १९५८ साली घेतलेली विंचेस्टर मॉडेल ९४ त्यांच्याकडे आहे. लिव्हरची, म्हणजे ट्रिगरखालचा दांडा (लिव्हर) ओढून काडतूस बदलायची. २० इंची नळीची कार्बाइन (आखूड रायफल), .३०-३० बोअरची. वडील शिवपुरी-श्योपूरच्या रानात शिकारीला जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. रायफल कपाटात गेली. वर्षातून दोनदा तेल-कापड व्हायचं, तेवढंच. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं, तेव्हा अप्पांनी बारा बोअरची दुनळी दिली, ही ठेवली. वडिलांच्या हाताची वस्तू म्हणून ठेवली, आणि ठेवलीच आहे तर ती चालली पाहिजे म्हणून नियमानं क्लबात जाऊन कागदावर नेम मारू लागले.

२०२४ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मग लोकसभेची आचारसंहिता लागली, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या बंदुका जमा झाल्या. जूनमध्ये रायफल परत मिळाली ती पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, एका अंगाला वाकलेल्या अवस्थेत. माशीवरची टोपी, म्हणजे तो गोल पत्र्याचा आडोसा, आधीच कधीतरी हरवला होता, त्यामुळे तिला झाकायला काही नव्हतंच. अप्पांनी ती पक्कडीनं सरळ केली, पावसाळा जाऊ दिला आणि नोव्हेंबरात क्लबात गेले. ५० मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पाचांचा पसारा १९ सेंटीमीटर.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, तो कागद घडी करून खिशात घातलेला. म्हणाले, "अरे, नंबर बदललाय का बघ. टारगेट तर मला आरशासारखं स्वच्छ दिसतं. मग गोळी अशी का फिरते?"

मी नंबर तपासला. लांबचं उत्तम, चष्म्याशिवाय ६/६. डॉक्टरांनी बसवलेलं भिंग एकाच अंतराचं होतं, लांबचं. म्हणजे डोळा चांगला होता आणि तरीही अडचण डोळ्यातच होती.

उघड्या साइटनं नेम धरताना डोळ्याला तीन वस्तू एका रेषेत आणायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि निशाण. अप्पांना रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि टेपनं मोजलं. डोळ्यापासून मागची खाच ३६ सेंटीमीटर, माशी ७५ सेंटीमीटर, निशाण ५० मीटर. विशीतला डोळा या तिघांवर क्षणात फिरतो आणि तिन्ही स्पष्ट असल्याचा भास होतो. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठ होऊ लागतं, आणि बसवलेलं भिंग तर हलतच नाही. ७५ सेंटीमीटरवरची माशी रेखीव दिसायला लांबच्या नंबरावर सव्वा डायॉप्टरच्या (भिंगाचा नंबर मोजायचं एकक) वर मदत लागते, ३६ सेंटीमीटरवरच्या खाचेला पावणेतीनच्या आसपास. अप्पांच्या डोळ्यापाशी या दोन्हीसाठी शून्य होतं. त्यांना निशाण आरशासारखं, माशी धुक्यातली आणि खाच म्हणजे नुसता काळसर डाग. नवशिक्याला सगळे सांगतात की माशीवर नजर ठेव, निशाण थोडं पुसट चालेल. अप्पांच्या डोळ्यात त्याच्या नेमकं उलट चाललं होतं.

घरात आणि क्लबात मात्र तोवर तीन मतं तयार होती. अप्पांच्या मुलाचं म्हणणं, दुर्बीण बसवा. मिस्त्रींचं म्हणणं (परवानाधारक दुकानातले जुने कारागीर, हात फार चांगला) की रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या पोलादी घराला, दोन भोकं पाडून पीप (खाचेऐवजी बारीक गोल भोक असलेली मागची साइट) बसवू. अप्पांचं म्हणणं, काहीच बदलायचं नाही, बाबांची खाच राहू द्या. तिघांचंही बोलणं मनापासून होतं, म्हणून प्रत्येकाचं नीट तपासायचं ठरलं. पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा होता: १९ सेंटीमीटरचा पसारा डोळ्याचा की रायफलीचा? नळी घासली असेल, दस्त्याचे स्क्रू ढिले असतील, वाकलेल्या माशीचा पाया हलत असेल, तर कोणतीही साइट बसवून काय उपयोग?

काळ्या टेपचं भोक

डोळे तपासताना आम्ही एक जुनी युक्ती रोज वापरतो. माणसाला पुसट दिसत असेल तर त्याला बारीक भोकाच्या चकतीतून बघायला लावायचं. त्यातून स्पष्ट दिसलं तर दोष नंबराचा. नाही दिसलं तर डोळ्यातला पडदा किंवा आणखी काही. तेच अप्पांच्या गोळीबाराच्या चष्म्यावर केलं. इलेक्ट्रिशियनची काळी टेप घेतली, कागद भोसकायच्या सुईनं दीड मिलिमीटरचं भोक पाडलं. अप्पांना रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, गाल दस्त्याला लावून बसवलं. रायफल रिकामी, लिव्हर खाली. मग चष्म्याच्या काचेवर ती टेप हळूहळू सरकवत गेलो. भोक बसलं ते काचेच्या मधोमध नव्हे, वर आणि नाकाच्या बाजूला. रायफलवर गाल टेकला की मान पुढे झुकते आणि माणूस काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतो. ही गोष्ट पुढेही कामाला आली.

अप्पा काही सेकंद गप्प होते. मग म्हणाले, "अरे, मणी दिसला. पितळेचा मणी दिसला." मणी म्हणजे माशीचं गोल टोक. त्यांचा आवाज मला अजून आठवतो. वर्षभर त्यांनी तो पाहिला नव्हता.

त्याच वाकड्या माशीनं, त्याच खाचेनं, त्याच डब्यातल्या तीन गोळ्या: पसारा ८ सेंटीमीटर. रायफल निर्दोष होती.

भोकातून स्पष्ट का दिसतं, ते थोडक्यात सांगतो. जवळची वस्तू पडद्यावर बिंदू म्हणून उमटायच्या ऐवजी चकती म्हणून उमटते, आणि त्या चकतीची रुंदी बाहुलीच्या रुंदीबरोबर वाढते. बाहुली ४ मिलिमीटर असेल आणि समोर दीड मिलिमीटरचं भोक धरलं, तर पुसटपणा निम्म्याहून कमी होतो. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. डिसेंबरच्या सकाळी धुक्यात हेच भोक अप्पांना अंधारं वाटलं असतं. अकराला रेंजवर ऊन असतं, तेव्हा चालतं.

मग टेपवरच का भागवलं नाही? मी स्वतः तसं सुचवलं होतं. खर्च नाही, रायफलीला हात लावायचा नाही, अप्पांची इच्छाही राहते. पण पुढच्या रविवारी दोनदा असं झालं की अप्पांनी गाल बोटभर मागे-पुढे टेकवला आणि भोक रेषेतून निसटलं. दर वेळी मान शोधत बसायची. तेच भोक रायफलीवर असेल तर ते जागचं हलत नाही, आणि डोळा त्याच्या मागे आपोआप मध्यावर येतो, कारण गोल भोकात सर्वांत जास्त उजेड मध्यभागी असतो. पीप साइटची सगळी गंमत यात आहे. तिच्यात मागची साइट बघायची नसते, तिच्यातून बघायचं असतं. तीन वस्तूंच्या दोन होतात.

तीन मतांचं काय झालं

दुर्बिणीचं मत सर्वांत लवकर बाद झालं. जुनी मॉडेल ९४ रिकामं काडतूस सरळ वर फेकते. रिसीव्हरवर मधोमध दुर्बीण बसवली तर टरफल तिच्यावर आपटणार. ऐंशीच्या दशकात कंपनीनं टरफल तिरकं फेकणारी रचना आणली ती याच कारणानं. मार्लिन कंपनीची ३३६ रायफल टरफल बाजूला फेकते, तिला ही अडचण नाही. अप्पांच्या रायफलीला दुर्बीण लावायची तर डावीकडे सरकवून लावावी लागेल, मग गाल दस्त्यावर टेकत नाही. मुलाला हे रिकामं टरफल हातानं घालून, लिव्हर ओढून दाखवलं. टरफल टणकन वर उडालं आणि त्याचं समाधान झालं.

अप्पांच्या मताशी मी जास्त वेळ बसलो, कारण त्यात मला आदर वाटण्यासारखं पुष्कळ होतं. ती मागची साइट म्हणजे हरणाच्या शिंगांसारखे दोन्ही कान वर वळलेली, मधे बारीक खाच, खाली पायऱ्यांची पट्टी. पट्टी एक पायरी पुढे-मागे सरकवली की साइट वर-खाली होते. रानात पहाटे-संध्याकाळी, चालत्या जनावरावर, तरण्या डोळ्यानं चटकन नेम धरायला ती बनवलेली. अप्पांच्या वडिलांच्या शिकारीच्या वहीत पेन्सिलीनं एक ओळ होती: सरावाच्या माळावर सकाळी जरा उजवीकडे धरावं, संध्याकाळी डावीकडे. घरात ही ओळ पिढीजात विद्या म्हणून सांगितली जायची आणि कारण कुणाला ठाऊक नव्हतं. तो माळ उत्तरेकडे तोंड करून होता, असं अप्पांनी सांगितल्यावर मला उलगडा झाला. गोल मण्यावर एका बाजूनं ऊन पडलं की त्याची तेवढीच बाजू चमकते, आणि डोळा ती चमक म्हणजेच मण्याचा मध्य समजतो. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे उजवीकडून. उजवी कड खाचेच्या मधे आणली की खरा मणी डावीकडे राहतो, नळीही डावीकडे वळते, गोळी डावीकडे जाते. गोळी उजेडापासून पळते. वडिलांनी पुस्तकाशिवाय, नुसत्या निरीक्षणावर हा दोष पकडला होता आणि त्याची भरपाई लिहून ठेवली होती. अप्पांना हे समजावलं तेव्हा त्यांनी वही पुन्हा उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली.

मला वाटतं, त्याच वेळी त्यांचं मन वळलं. वडिलांनी ती साइट आंधळ्या भक्तीनं वापरली नव्हती. तिचे दोष ओळखून वापरली होती. आज रायफलीचं काम बदललंय. समोर सांबर नाही, स्थिर कागद आहे, घाई नाही, उजेड भरपूर आहे. आणि बघणारा डोळा दुसरा आहे.

आता मिस्त्रींचं मत. पीप बसवायची हे बरोबर, पण भोकं पाडायला माझा जीव धजेना. जुन्या रिसीव्हरचं पोलाद एकदा भोसकलं की परत पहिल्यासारखं होत नाही. मागच्या शेपटीवर, म्हणजे टँगवर, बसणारी पीप हा सुंदर पर्याय असतो. विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये पेटंट घेतलेली साइट याच जातीची होती, आणि जुन्या विंचेस्टरना तिच्यासाठी टँगवर भोक असायचं. अप्पांच्या कार्बाइनच्या टँगवर ते नव्हतं. नळीवरच्या जुन्या खाचेतच बसणाऱ्या छोट्या पीपही मिळतात, त्यांना भोकं लागत नाहीत. पण तिथे भोक डोळ्यापासून वीत-दीड वीत लांब राहतं, उजेडाची कड पातळ दिसते आणि ज्या कारणासाठी पीप घ्यायची तो फायदा बराचसा जातो. सत्तरीच्या डोळ्याला ती मी सुचवणार नाही.

दुकानात टेबलावर रायफल आडवी ठेवून आम्ही बघत होतो. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला दोन ठिपके होते. आजवर सगळे त्यांना गंजाचे डाग समजत आले होते. मी चष्म्याचे स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस आणि भिंग घेतलं, रॉकेलचा बोळा फिरवला, साठ वर्षांचं तेल आणि धूळ निघाली. भिंगाखाली दोन्ही ठिपक्यांत आडवी चीर दिसली. स्क्रू होते. कारखान्यानं पाडलेली, आटे घातलेली आणि बुचानं बंद केलेली भोकं! पन्नाशीच्या दशकात मॉडेल ९४ कारखान्यातूनच पीपसाठी तयार होऊन येऊ लागली होती, हे मी वाचलं होतं. पण डोळ्यांसमोर बघितलं तेव्हा मिस्त्री आणि मी दोघंही काही बोललो नाही. ड्रिल त्यांनी परत खणात ठेवलं.

म्हणून सांगतो, कुणाच्या घरी अशी रायफल असेल तर मिस्त्रीकडे नेण्याआधी तिची डावी बाजू नीट पुसून, भिंगाखाली बघा.

साइट, स्क्रू आणि माशी

बाहेरून पार्सल मागवायच्या वाटेला आम्ही गेलो नाही. परवानाधारक दुकानदारांकडे जुन्या साइटांचे डबे पडलेले असतात, तिथेच शोध घेतला. पाहिजे होती मॉडेल ९४ च्या रिसीव्हरच्या कडेला बसणारी: लायमन ६६ किंवा विल्यम्सची एफपी. दोन्ही नावाजलेल्या आहेत. विल्यम्स हलकी, ॲल्युमिनियमची. तिचे स्क्रू एकदा आवळून बसवले की विसरून जायचं. लायमनला फिरवायच्या गुंड्या असतात, कोनाच्या पाव मिनिटाचा एकेक क्लिक, म्हणजे ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या थोडं वर. आम्हाला झाशीच्या एका दुकानात लायमन मिळाली, साडेसहा हजारात, सोबत दीड मिलिमीटर भोकाची चकती. कागदावर मारायचं तर चकती ठेवायची. ती काढली की मोठं भोक उरतं, ते घाईच्या नेमाचं. अप्पांना पहिलंच हवं होतं.

तिच्याबरोबर दोनऐवजी एकच स्क्रू आला, आणि इथे घाई केली असती तर भोकाचे आटे गेले असते. या भोकांचा आटा ६-४८ चा असतो: साडेतीन मिलिमीटर जाडी, इंचाला ४८ आटे. बाजारातला साडेतीन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू दिसायला तंतोतंत तसाच. दोन फेरे आत जातो, मग अडतो. जोर लावला की भोकाचे आटे कापले जातात. बुचाचे जुने स्क्रू आट्यानं बरोबर होते पण आखूड. मिस्त्रींनी आट्यांचं गेज लावून खात्री केली आणि लेथवर एक स्क्रू कातून दिला. पहिल्यांदा तो अर्धा मिलिमीटर लांब झाला. स्क्रू घट्ट केल्यावर लिव्हर ओढली तर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) आत घासत होता. टोक घासून कमी केलं, पुन्हा लिव्हर, पुन्हा घासणं, तिसऱ्या वेळी बोल्ट लोण्यासारखा सरकला. हे सगळं परवानाधारक कारागिराच्या हातूनच झालं; शस्त्राची दुरुस्ती करायलाही कायद्यानं परवाना लागतो, आणि घरी पक्कड घेऊन बसणं अप्पांनी तेव्हापासून सोडलं.

वडिलांची शिंगांची साइट काढावी लागली, कारण पीपमधून बघताना तिचे कान नजरेत येत होते. पितळी पंचानं, डावीकडून उजवीकडे ठोकून काढली. या खाचा किंचित निमुळत्या असतात. साइट उजवीकडून आत जाते आणि उजवीकडेच बाहेर येते, उलट ठोकलं तर खाच खराब होते. मोकळ्या खाचेत पोलादाची सपाट पट्टी सरकवली. जुनी साइट, तिची पायऱ्यांची पट्टी आणि दोन्ही बुचं एका पाकिटात घालून वर अप्पांनी स्वतःच्या हातानं तारीख लिहिली. ते पाकीट वडिलांच्या वहीत आहे. उद्या नातवाला रायफल होती तशी करायची असेल तर अर्ध्या तासाचं काम.

फायदा कागदावर किती, तोही मोजला. जुन्या खाचेपासून माशीपर्यंत अंतर ३९५ मिलिमीटर होतं, पीपपासून माशीपर्यंत ६१० झालं. नेम धरताना माशी केसभर, समजा ०.२ मिलिमीटर चुकली, तर ५० मीटरवर आधी गोळी २५ मिलिमीटर सरकायची, आता १६. डोळा तोच, हात तोच, चूक तीच. फक्त रेषा लांबली.

मग रेंजवर पहिल्या तीन गोळ्या. पीप सर्वांत खाली असताना मार, म्हणजे गोळी लागते ती जागा, १२ सेंटीमीटर वर गेला. हे होणारच होतं. पीपचं भोक जुन्या खाचेपेक्षा उंचावर असतं, त्यामुळे बहुतेक वेळा पुढची माशीही उंच करावी लागते, आणि साइट विकत घेताना हा खर्च कुणी धरत नाही. मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे मार सरकतो. पुढची जिकडे सरकवाल त्याच्या उलट. किती उंच करायची याचा हिशेब सोपा आहे: चूक गुणिले दोन साइटांमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. १२० गुणिले ६१० भागिले ५०,००० म्हणजे दीड मिलिमीटरला थोडं कमी. पण तेवढीच उंच केली असती तर पीप कायम तळाशी बसली असती, खाली सरकायला जागाच नाही. म्हणून जुन्यापेक्षा २.२ मिलिमीटर उंच माशी करायची ठरली. हिशेबानं मार आता ६ सेंटीमीटर खाली जायला हवा आणि पीप १६-१७ क्लिक वर घेऊन मध्यावर यायला हवा.

माशीचा आकार ठरवताना वडिलांची वही पुन्हा उपयोगी पडली. गोल मणी नको, सपाट माथ्याचं, डोळ्याकडची बाजू सपाट असलेलं चौकोनी पातं. त्यावर तिरकं ऊन पडलं तरी कड कडच राहते. रुंदी दोन मिलिमीटर: ७५ सेंटीमीटरवरून ती ५० मीटरच्या कागदावर १३ सेंटीमीटर झाकते. म्हणून मी दुकानातल्या प्रिंटरवर १३ सेंटीमीटरचा काळा गोल छापला. पात्याच्या माथ्यावर तेवढ्याच रुंदीचा गोल ठेवला की डावं-उजवं चुकलेलं लगेच कळतं. बारीक पातं जास्त नेमकं असतं असं सगळे म्हणतात. तरण्या डोळ्याला ते खरं आहे. पुसट दिसणाऱ्या डोळ्याला बारीक पातं मधूनच नाहीसं होतं.

शेवटचं काम माझ्या दुकानातलं. अप्पा गोळीबारालाही रोजचा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालत. त्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, आणि माशी दिसावी म्हणून ते नकळत हनुवटी वर करत, गाल दस्त्यावरून उठे. त्यांच्यासाठी पॉलिकार्बोनेटचा एकच नंबर असलेला चष्मा केला, उजव्या काचेत लांबच्या नंबरावर फक्त पाऊण डायॉप्टर जास्त. माशीला पूर्ण नंबर दिला असता तर निशाण फार पुसलं असतं; पाऊणात दोघांना थोडं थोडं मिळतं आणि उरलेलं पीपचं भोक सांभाळून घेतं. काचेचा मध्य टेपनं शिकवल्याप्रमाणे वर आणि नाकाकडे घेतला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, साडेदहाला, धुकं उठल्यावर रेंजवर गेलो. सुरुवातीला तीन गोळ्या: हिशेबाप्रमाणे खाली, साडेपाच सेंटीमीटर. १५ क्लिक वर, ३ डावीकडे. लिव्हरच्या रायफलीत मागून नळीतून बघून साइट जुळवता येत नाही, रिसीव्हर मागे बंद असतो. म्हणून हिशेब आधी कागदावर पक्का असला की काडतुसं वाचतात. .३०-३० इथल्या आयुध कारखान्यात बनत नाही, मिळेल तेव्हा आणि मिळेल त्या भावात घ्यावी लागते. आमच्याकडे चाळीस होती. वडिलांच्या वेळच्या डब्यातली हिरवट पडलेली काडतुसं आम्ही घेतली नाहीत. नळीखालच्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (ठोका बसला की पेटणाऱ्या प्राइमरला) टेकतं, म्हणून टोकदार गोळ्या यात कधीच घालायच्या नसतात. आमची सगळी चपट्या टोकाची, १७० ग्रेन वजनाच्या गोळीची.

मग अप्पांनी सावकाश पाच मारल्या. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि प्रत्येक गोळीनंतर काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. पाचवीनंतर त्यांनी लिव्हर खाली केली, चेंबर रिकामं असल्याचं बोटानं चाचपलं, रायफल टेबलावर ठेवली आणि मग विचारलं, "किती?"

पाच गोळ्या ७ सेंटीमीटरमध्ये होत्या, सगळ्या काळ्या गोलाच्या आत. सगळ्या मिळून १९ काडतुसं लागली, २१ शिल्लक.

अप्पांनी तो कागद घरी नेला आणि वडिलांच्या वहीत, पाकिटाशेजारी ठेवला. पेन्सिलीनं खाली एक ओळ लिहिली: पीप, सपाट माशी, १५ वर, ३ डावीकडे, सकाळ-संध्याकाळ मधेच धरावं.